सेंट अँड्रूजचा ओल्ड कोर्स

सेंट अँड्रूजचा ओल्ड कोर्स हे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील फाइफ परगण्यात, सेंट अँड्रूज या विद्यापीठनगरीला लागून असलेले अठरा होलचे गोल्फ मैदान आहे. जगातील सर्वांत जुन्या गोल्फ मैदानांत त्याची गणना होते. मैदानाचा एकूण पार ७२ असून मोठ्या व्यावसायिक स्पर्धांसाठी त्याची लांबी सुमारे ७,३०० यार्ड ठेवली जाते. ‘द ओपन’ ही गोल्फमधील सर्वांत जुनी अजिंक्यपद स्पर्धा येथे १८७३ साली प्रथम झाली आणि २०२२ पर्यंत ती ३० वेळा येथे भरली. एवढी कीर्ती असूनही हे मैदान कोणत्याही क्लबच्या मालकीचे नाही. ते सार्वजनिक असून १९७४ पासून त्याची व्यवस्था सेंट अँड्रूज लिंक्स ट्रस्ट ही संस्था पाहते.

मैदानावर उंच वृक्ष नाहीत, तळी नाहीत, आणि प्रथमदर्शनी ते ओसाड माळासारखे भासते. त्याची अवघड बाजू रचनेत दडलेली आहे. येथे सर्वांत सुरक्षित वाट आणि सर्वांत उपयुक्त वाट बहुतेक ठिकाणी एक नसते, आणि त्या दोहोंतील निवड खेळाडूला जवळजवळ प्रत्येक होलवर करावी लागते.

काही शब्द

गोल्फशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी काही संज्ञा आधी सांगणे इष्ट ठरेल. ‘होल’ म्हणजे गोट्यांच्या खेळातील ‘गल’सारखेच जमिनीतील छिद्र, पण चेंडू जेथून प्रथम मारला जातो तेथपासून त्या छिद्रापर्यंतच्या संपूर्ण पट्ट्यालाही होलच म्हणतात. सुरुवातीची जागा ती ‘टी’, मधला कापलेल्या गवताचा पट्टा तो ‘फेअरवे’ आणि छिद्राभोवतीची अत्यंत बारीक कापलेली हिरवळ ती ‘ग्रीन’. वाळूच्या खड्ड्यास ‘बंकर’ म्हणतात. निष्णात खेळाडूला एखादे होल पूर्ण करण्यास जितके फटके लागावेत अशी अपेक्षा असते, ती संख्या म्हणजे ‘पार’. एक फटका कमी लागला तर ‘बर्डी’, एक जास्त लागला तर ‘बोगी’. चेंडू हद्दीबाहेर गेल्यास एका फटक्याचा दंड होतो आणि पुन्हा मूळ जागेवरूनच मारावे लागते.

समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधील वालुकामय, उंचसखल, आखूड गवताच्या पट्ट्याला स्कॉटलंडमध्ये ‘लिंक्स’ म्हणतात. आपल्याकडे कोकणात जिला पुळण म्हणतात, तिच्या पाठीमागे गवताळ माळ पसरलेला आहे अशी कल्पना केल्यास या भूमीचे चित्र बरेचसे डोळ्यांसमोर येईल. तेथील माती पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे जमीन टणक राहते आणि पडलेला चेंडू दूरवर घरंगळत जातो. म्हणूनच या मैदानावर चेंडू कोठे पडेल यापेक्षा तो कोठे थांबेल याचा विचार आधी करावा लागतो.

इतिहास

१५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टन यांच्या सनदेने या भूमीवर खेळण्याचा नगरवासीयांचा हक्क मान्य केला. १७५४ मध्ये २२ उमरावांनी व प्रतिष्ठित गृहस्थांनी येथे गोल्फ खेळणाऱ्यांची मंडळी स्थापली. तीच पुढे १८३४ पासून ‘रॉयल अँड एन्शंट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. त्या काळी एका फेरीत २२ होल खेळले जात. तीच छिद्रे जाताना व परतताना वापरली जात. १७६४ मध्ये सुरुवातीची चार आखूड होल जोडून दोन करण्यात आली, म्हणजे जाताना दोन व येताना दोन होल कमी झाली, आणि फेरी अठरा होलची झाली. आज जगभर अठरा होल हेच प्रमाण मानले जाते त्याचे मूळ येथे आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हे मैदान नाहीसे होण्याची वेळ आली होती. कर्जबाजारी झालेल्या नगरसभेच्या हातून ही जमीन गेली आणि नंतरच्या मालकांनी तिच्यावर व्यापारासाठी ससे पाळले. सशांनी जमीन पोखरून काढली. नागरिकांनी आपला खेळण्याचा हक्क सांगितला, आणि कज्जे व भांडणे सुमारे वीस वर्षे चालली. अखेर १८२१ मध्ये जेम्स चीप या स्थानिक जमीनदाराने ही भूमी विकत घेऊन गोल्फसाठी राखली. दुसऱ्या होलवरील एका बंकरला आजही चीप यांचे नाव आहे. ज्याने मैदान वाचवले त्याचे नाव लोकांनी खड्ड्याला द्यावे, हा स्कॉटिश विनोदाचा नमुना म्हणावा लागेल.

टॉम मॉरिस ज्येष्ठ (१८२१–१९०८) यांनी १८६५ ते १९०३ या काळात मैदानाची देखभाल केली. आजचे स्वरूप बऱ्याच अंशी त्यांच्या हातचे आहे. तरीही ओल्ड कोर्सचा कोणी एक रचनाकार सांगता येत नाही. वारा, मेंढ्या, ससे आणि शतकानुशतकांचे खेळाडू यांनी मिळून ते घडवले.

रचना आणि खेळाचे सूत्र

मैदान एखाद्या आकड्यासारखे आहे. खेळाडू नगरापासून ईडन नदीच्या मुखाकडे जातो, तेथे वळसा घेतो आणि जवळजवळ त्याच पट्ट्यातून परत येतो. त्यामुळे चौदा होलना मिळून केवळ सात ग्रीन आहेत. प्रत्येक जोड-ग्रीनवर दोन झेंडे असतात, आणि त्या दोन होलच्या क्रमांकांची बेरीज नेहमी १८ येते: २ व १६, ३ व १५, ४ व १४, याप्रमाणे ८ व १० पर्यंत. पहिले, नववे, सतरावे आणि अठरावे या होलना मात्र स्वतंत्र ग्रीन आहे. जाण्याच्या बाजूस पांढरे व परतीच्या बाजूस तांबडे झेंडे असतात. जोड-ग्रीन इतकी विस्तीर्ण आहेत की चेंडू ग्रीनवर पोहोचूनही छिद्र शंभर फुटांहून दूर राहू शकते. नुसते ग्रीन गाठण्याला येथे फारसा अर्थ नसतो.

फेरी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने होते. परिणामी जातानाही आणि येतानाही धोका उजव्या हातास असतो: जाताना गॉर्सची काटेरी झुडपे, येताना भिंती, जुन्या रेल्वेची हद्द आणि रस्ता. डावीकडे मात्र शेजारच्या होलची मोकळी जमीन असते. नवशिक्यास ‘डावीकडे मारा’ असा सल्ला दिला जातो तो यामुळेच. तो सल्ला चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. डावीकडून ग्रीनकडे पाहिले असता बहुधा एखादा बंकर किंवा उंचवटा आडवा येतो. उजव्या कडेने धोका पत्करून गेलेल्यास झेंड्यापर्यंत मोकळी वाट मिळते. पहिल्या फटक्यात वाचवलेली भीती दुसऱ्या फटक्यात व्याजासह परत येते.

मैदानावर ११२ बंकर आहेत. त्यांपैकी कित्येक टीवरून दिसत नाहीत. याचे कारण असे की, पूर्वी हे मैदान उलट दिशेनेही खेळले जात असे, आणि त्या दिशेने येणाऱ्यास ते समोर दिसत. बंकर लहान पण खोल असून त्यांच्या भिंती गवताच्या ढेपा रचून उभ्या केलेल्या असतात. अशा भिंतीशी टेकलेला चेंडू पुढे मारणे अनेकदा अशक्य होते. मागे किंवा बाजूला मारून बाहेर पडणे हेच शहाणपण ठरते. २००० साली टायगर वुड्स यांनी चारही फेऱ्यांत एकाही बंकरमध्ये चेंडू जाऊ न देता, पारपेक्षा १९ फटके कमी घेऊन ‘द ओपन’ जिंकली.

जाण्याची होल

पहिल्या होलचे नाव ‘बर्न’, म्हणजे ओढा. पहिल्या व अठराव्या होलचा सामाईक फेअरवे सुमारे १२९ यार्ड रुंद असून त्यातून एक सार्वजनिक रस्ता आडवा जातो. इतकी रुंदी असताना चूक होणे अवघड वाटते. पण पाठीमागे क्लबची ऐतिहासिक इमारत आणि बघ्यांची गर्दी असल्याने हात कापतात. १९९५ मध्ये इयन बेकर-फिंच या माजी विजेत्याने येथून चेंडू पार डावीकडे, अठराव्या होलच्याही पलीकडे हद्दीबाहेर मारला होता. खरा प्रश्न दुसऱ्या फटक्याचा आहे. स्विल्कन नावाचा लहानसा ओढा ग्रीनला अगदी चिकटून वाहतो. झेंडा पुढे असला तरी तो विसरून ग्रीनच्या मागच्या भागाचा नेम धरावा आणि हिशेबापेक्षा एक पायरी लांब पल्ल्याची काठी घ्यावी.

‘डाइक’ या दुसऱ्या होलवर चीपचा बंकर डावीकडे आहे. त्याच्या उजवीकडून जाणाऱ्यास ग्रीन मोकळे मिळते. तिसऱ्या ‘कार्टगेट’ होलचे गणित तेच, कारण कार्टगेट नावाचा मोठा बंकर ग्रीनची डावी बाजू अडवतो. चौथ्याचे नाव ‘जिंजर बीअर’. पूर्वी येथे एक वृद्ध विक्रेता गाडीवर आल्याचे पेय विकत असे, त्यावरून ते पडले. उजवीकडील अरुंद वाट आणि डावीकडील ऐसपैस जागा यांतील निवड येथे सर्वांत स्पष्ट दिसते, कारण ग्रीनसमोरचा उंचवटा डावीकडून येणाऱ्यास नेमका आडवा येतो.

पाचवे होल पाच फटक्यांचे असून उजवीकडे सात बंकरांचा पुंजका आहे. ग्रीनपूर्वी ‘चष्मा’ या अर्थाच्या नावाचे दोन बंकर आणि त्यामागे खोलगट भाग आहे. या खोलगट भागामुळे अंतर कमी भासते आणि चेंडू हमखास तोकडा पडतो. सहाव्या ‘हेदरी’ होलवर टीवरून झुडपांखेरीज काहीच दिसत नाही. डावीकडे ‘शवपेट्या’ नावाचे बंकर आहेत, एवढे स्मरणात ठेवून मारायचे.

वळसा

सातव्यापासून अकराव्यापर्यंतच्या भागास ‘लूप’ म्हणतात. सातव्या व अकराव्या होलचे मार्ग एकमेकांना छेदतात. इतर मैदानांत अशी रचना क्वचितच आढळते. सातव्याच्या ग्रीनसमोर ‘शेल’ हा विस्तीर्ण बंकर आहे. आठवे होल तीन फटक्यांचे, नववे व दहावे आखूड व सपाट आहेत. धावसंख्या सुधारायची तर येथेच, असे मानले जाते, आणि याच कारणामुळे येथे बर्डी न मिळालेला खेळाडू पुढे उतावीळ होतो.

अकरावे होल, ‘हाय’, जेमतेम १७४ यार्डांचे आहे. तरीही जगातील उत्कृष्ट तीन-फटकी होलमध्ये त्याचे नाव घेतले जाते. समोर उजवीकडे ‘स्ट्रॅथ’ आणि डावीकडे ‘हिल’ हे खोल बंकर आहेत, मागे ईडनचे मुख आहे, आणि ग्रीनचा उतार मागून पुढे तीव्र आहे. चेंडू छिद्राच्या पलीकडे गेला तर उतारावरून परत मारताना तो थांबवणे कठीण. वाऱ्याच्या दिवशी तर चेंडू ग्रीनवर स्थिर राहील की नाही, याचीच शंका असते. म्हणून अनुभवी खेळाडू मुद्दाम थोडे अलीकडे, चढणीवर राहणे पत्करतात.

१९२१ च्या स्पर्धेत तरुण अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्स तिसऱ्या फेरीत या होलच्या वाळूत अडकले आणि वैतागून त्यांनी चेंडू उचलला. परंतु मैदानावरील त्यांचा राग टिकला नाही. १९२७ मध्ये त्यांनी येथेच ‘द ओपन’ जिंकली, १९३० मध्ये येथेच हौशी खेळाडूंचे अजिंक्यपद मिळवले, आणि १९५८ मध्ये नगराने त्यांना मानद नागरिकत्व दिले. त्यापूर्वी हा मान मिळालेले अमेरिकन म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. दहाव्या होलला आज जोन्स यांचे नाव आहे.

परतीची होल

बारावे होल आखूड असूनही फसवे आहे. फेअरवेच्या मध्यावर टीवरून पाहिल्यास काहीच दिसत नाही. प्रत्यक्षात तेथे बंकर दडलेले आहेत, आणि ग्रीनचा उपयोगी भाग म्हणजे एक अरुंद पायरी आहे. तेराव्यावर शवपेट्या पुन्हा भेटतात. त्यांच्या डावीकडे सहाव्याच्या फेअरवेत मारावे, पण मग पुढचा फटका उंचवट्यावरून न दिसणाऱ्या ग्रीनकडे जातो.

चौदावे, ‘लाँग’, हे मैदानातील सर्वांत लांब होल आहे; स्पर्धेत ते ६०० यार्डांहून अधिक असते. उजवीकडे हद्दीची भिंत आणि डावीकडे ‘बिअर्डीज’ हे बंकर. त्यांच्यामधील सपाट जागेला ‘एलिझियन फील्ड्स’ म्हणजे नंदनवन असे नाव आहे. नंदनवनानंतर लगेच नरक लागतो. ‘हेल’ हा बंकर पुरुषभराहून खोल आहे. तो ओलांडण्याचे बळ नसेल तर दुसरा फटका डावीकडे, पाचव्याच्या फेअरवेत काढावा. त्याने अंतर वाढते, पण तिसऱ्या फटक्यास वाट मोकळी होते. ग्रीनच्या पुढील कडेस उभा चढ असून त्यामागे जमीन पाठीमागे उतरते, म्हणून चेंडू उंचावरून टाकण्यापेक्षा जमिनीवरून घरंगळत चढवणे बरे. १९९५ मध्ये जॅक निकलाउस यांना हेलमधून बाहेर पडण्यास चार फटके लागले आणि या होलवर त्यांचे एकूण दहा झाले. ज्यांनी याच मैदानावर १९७० व १९७८ अशी दोनदा स्पर्धा जिंकली, त्यांची ही अवस्था.

पंधरावे तुलनेने सौम्य आहे. दूरच्या चर्चच्या मनोऱ्याचा नेम धरण्याची प्रथा आहे. सोळाव्यावर फेअरवेच्या मध्यात ‘प्राचार्यांचे नाक’ हा तीन बंकरांचा पुंजका आहे. त्याच्या आणि उजवीकडील जुन्या रेल्वेच्या हद्दीच्या मधून जाणारी चिंचोळी वाट हीच उत्तम वाट. तथापि पुढचे होल सतरावे आहे हे ध्यानात घेऊन बहुतेक जण डावीकडून जातात.

सतरावे होल

‘रोड’ या नावाने प्रसिद्ध असलेले हे होल चार फटक्यांचे असून स्पर्धेत ४९५ यार्ड लांब असते. पहिलाच फटका इमारतीवरून मारावा लागतो. पूर्वी येथे रेल्वेची गोदामे होती. १९६९ मध्ये रेल्वे बंद झाली, गोदामेही गेली. पुढे त्याच घाटाची बांधकामे पुन्हा उभारण्यात आली. त्यांच्या भिंतीवरील हॉटेलच्या नावातील कोणत्या अक्षरावरून चेंडू न्यायचा, हे खेळाडू वाऱ्यावरून ठरवतो. जितके उजवीकडून जावे तितका पुढचा कोन चांगला, आणि तितकीच हद्दीबाहेर जाण्याची शक्यता अधिक.

ग्रीन अरुंद व तिरपे आहे. त्याच्या पुढील डाव्या बाजूस ‘रोड बंकर’ पोटात शिरल्यासारखा बसला आहे; आसपासची जमीन त्याच्याकडेच उतरत असल्याने तो दिसतो त्याहून बराच मोठा ठरतो. मागे रस्ता आणि दगडी भिंत. रस्ता मैदानाचाच भाग मानला जात असल्याने त्यावर थांबलेला चेंडू दंडाशिवाय उचलता येत नाही. आहे तेथूनच मारावा लागतो. १९७८ मध्ये जपानचे टॉमी नाकाजिमा यांचा ग्रीनवरील चेंडूच घरंगळत बंकरमध्ये गेला आणि त्यांना या होलवर नऊ फटके लागले. १९८४ मध्ये टॉम वॉटसन यांचा दुसरा फटका रस्त्यापलीकडे भिंतीशी गेला. त्याच वेळी पुढच्या होलवर सेव्हे बायेस्तेरोस यांनी बर्डी साधून स्पर्धा जिंकली. २०१० मध्ये मिगेल आंखेल हिमेनेथ यांनी भिंतीशी अडकलेला चेंडू उलट भिंतीवरच आपटून ग्रीनवर आणला.

या होलचा उत्तम पाठ २०२२ मध्ये कॅमेरून स्मिथ यांनी दिला. शेवटच्या फेरीत आघाडीवर असताना त्यांच्या आणि झेंड्याच्या मध्ये रोड बंकर होता. चेंडू उचलून त्यावरून नेण्याचा मोह टाळून त्यांनी पटर घेतला, बंकरला वळसा घालून चेंडू ग्रीनवर चढवला आणि पुढच्या फटक्यात पार साधला. पारपेक्षा २० फटके कमी घेऊन ते विजयी झाले. सामान्य खेळाडूने तर येथे पाच फटके गृहीत धरावेत, आणि दुसरा फटका ग्रीनच्या पुढील उजव्या बाजूस आखूड ठेवावा.

अठरावे होल

टॉम मॉरिस यांचे नाव असलेले हे होल लांबीने फक्त ३५७ यार्ड आहे. येथे डावी बाजू खरोखरच चांगली: उजवीकडे नगरातील घरे व हद्द आहे, म्हणून क्लबच्या इमारतीवरील घड्याळाचा नेम धरतात. वाटेत ओढ्यावरील स्विल्कन पूल लागतो. सुमारे ७०० वर्षांपूर्वीचा मानला जाणारा हा इवलासा दगडी पूल आहे. निवृत्त होणारे थोर खेळाडू त्यावर उभे राहून निरोप घेतात. २०२३ मध्ये या पुलाच्या तोंडाशी फरसबंदी करण्यात आली तेव्हा जगभरातून ओरड झाली आणि काही दिवसांतच ती काढून टाकावी लागली.

ग्रीनच्या पुढील डाव्या कोपऱ्यात ‘व्हॅली ऑफ सिन’ म्हणजे ‘पापाची दरी’ हा खोलगट भाग आहे. तोकडा पडलेला चेंडू त्यात घरंगळतो. १९९५ मध्ये कोस्तान्तिनो रोक्का यांनी या दरीतून लांबलचक पट छिद्रात घातला व बरोबरी साधली. निर्णायक होलांत मात्र जॉन डेली जिंकले. १९७० मध्ये डग सँडर्स यांना विजयासाठी जेमतेम तीन फुटांचा पट हवा होता. तो हुकला, आणि दुसऱ्या दिवशीच्या फेरीत निकलाउस एका फटक्याने सरस ठरले.

बदल आणि वाद

आधुनिक चेंडू व काठ्या यांमुळे फटक्यांचा पल्ला खूप वाढला आहे. जे बंकर पूर्वी खेळाडूला विचार करायला लावत, त्यांवरून आता चेंडू सहज जातो. उपाय म्हणून काही टी मागे नेण्यात आल्या. २०१० च्या स्पर्धेपूर्वी सतराव्याची टी सुमारे ४० यार्ड मागे, मूळ मैदानाच्या हद्दीबाहेर गेली. २०१२ च्या अखेरीस काही बंकर हलवण्यात आले आणि अकराव्या ग्रीनचा उतार काही ठिकाणी सौम्य केला गेला, तेव्हा जाणकारांत तीव्र मतभेद झाले. लांबी वाढवल्याने बलवान खेळाडूलाच लाभ होतो, हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. पूर्वी या मैदानात पल्ल्यापेक्षा कोनाला किंमत होती. दुसरीकडे, शेजारच्या वेस्ट सँड्स या किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्या समुद्र व वारा यांपासून राखण्याचे काम ट्रस्टला सतत करावे लागते, कारण लिंक्सची सखल भूमी त्यांच्याच आडोशाने उभी आहे.

प्रवेश

आगाऊ आरक्षणाखेरीज दैनंदिन सोडतीद्वारेही सामान्य खेळाडूस येथे खेळता येते. महिलांची पहिली व्यावसायिक स्पर्धा येथे २००७ मध्ये झाली. ती मेक्सिकोच्या लोरेना ओचोआ यांनी जिंकली. पुण्यात जन्मलेले भारतीय खेळाडू अनिर्बन लाहिरी २०१५ च्या ‘द ओपन’मध्ये येथे खेळले. मोठ्या स्पर्धांचा अपवाद वगळता रविवारी खेळ बंद असतो. त्या दिवशी गावकरी कुत्रे घेऊन फेअरवेवरून फिरतात आणि मुले हेल बंकरच्या कडेवरून वाळूत उड्या मारतात.